एका खळ्यातल्या दोन शाळा

आई, मी आपल्याच गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले, हे तुला ठाऊक नाही. तू गेलीस तेव्हा मी सातवीत होते. आज हे लिहायला बसले, कारण चिडचिड होते आहे आणि ती नेमकी कोणावर, हेच कळत नाही.

माझी पहिली शाळा म्हणजे तुझं स्वयंपाकघर. माझ्या दम्यामुळे तू मला उशिरापर्यंत घरीच शिकवलंस. तू आडाळीवर बसून नारळ खवतेस, मी मासळी गुंडाळून आलेल्या ओल्या वर्तमानपत्रावरची अक्षरं जुळवते. चुकले की तुझा हात थांबतो. एकदा मुंबईची चुलत भावंडं आली होती. खापरोळ्या वाटायचं काम मला दिलंस आणि मी सगळ्यांत जाड, मऊ खापरोळी आधी माझ्या ताटलीत ठेवली. "जेच्या हातात वाटप, तेणा शेवटाक घेवचा," तू सगळ्यांदेखत म्हणालीस. मी रडले. पण नियम पटला होता.

आता तो कोणी पाळत नाही. आमच्या शाळा कशा चालाव्यात हे ठरवणाऱ्यांची मुलं तिथे शिकत नाहीत, आणि शिकवणाऱ्या आम्हा बहुतेकांचीही नाहीत. गरिबांसाठी खासगी शाळांत काही जागा राखीव असतात, फी सरकार भरतं, नावं सोडतीने निघतात. आमच्या वाडीत एका घरी दोन जावा आहेत. थोरलीच्या मुलाचा नंबर लागला, धाकटीच्या मुलीचा नाही. सकाळी घरापुढच्या खळ्यात शाळेची गाडी येते, एकाला घेऊन जाते. दुसरी तुळशीपाशी उभी राहून बघत असते.

पट कमी झाला तर आमची शाळा बंद होईल, म्हणून मे महिन्यात मी धाकटीकडे गेले. ती खळ्यात सुकट पसरत होती. मी इमारत, पोषण आहार, सगळं सांगितलं.

"बाई, माझ्या चेडवाचो नंबर लागलो असतो तर तुमी हय इले असतास?"

मी पुन्हा पोषण आहाराचं सांगू लागले.

"ऱ्हवांदे. तुमचा चेडू खंय घालतलास, ता सांगा."

"आमच्याच शाळेत," मी म्हणाले. माझी मुलगीही यंदाच पहिलीत जायची होती, पण तोवर घरात तसं काहीच ठरलं नव्हतं.

"मगे माझाय येतला," ती म्हणाली आणि कावळ्याला हाकलायला उठली.

नवरा संतापला. "तुझ्या तत्त्वापायी पोरीचं नुकसान?" त्याचं म्हणणं, सरकारने पैसे शाळांना न देता सरळ पालकांच्या हातात द्यावेत, आपली शाळा ते निवडतील. गरिबाने निवडू नये असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण खाडीकाठच्या घरांपर्यंत गाडीच येत नाही, त्यांनी काय निवडायचं? ज्यांना जाता येतं ते गेले की उरलेल्यांच्या वाट्याला गळकं छप्पर आणि सगळ्या वर्गांना मिळून मी, तीही निम्मा वेळ मोबाईलवर माहिती भरत बसलेली. मग मीच उलटं विचारते: धाकटीच्या मुलीला मी तिच्या भल्यासाठी आणलं की पटासाठी? शाळा वाचावी म्हणून एका पोरीने तिथे बसायचं, हा कुठला न्याय? आणि असं मनाशी घोळवत बसले की फळ्यावर लिहिलेलं वाक्यही अर्धं राहतं.

जूनपासून माझी आणि धाकटीची मुलगी, दोघी एका बाकावर बसतात. नवरा आता या विषयावर बोलत नाही, गावातले लोक मला चांगली म्हणतात. तू म्हणाली नसतीस. कारण शाळेतून आल्यावर मी माझ्या मुलीला स्वयंपाकघरात घेते आणि भाजी चिरता चिरता तिच्याशी फक्त इंग्रजीत बोलते, गाडीतल्या मुलांना शिकवतात तसं. काल ती दुसरी मुलगी मागच्या दाराशी आली. तिच्या आईने कढीपत्ता मागितला होता. "बाई, तुमी काय बोलतास गो हिच्याशी?" तिने हसत विचारलं. "काय नाय," मी म्हणाले. तिला कढीपत्ता दिला, आत बस म्हटलं नाही, आणि ती माड ओलांडून दिसेनाशी होईपर्यंत इंग्रजीचा एक शब्द बोलले नाही.