उणे पंचवीसची तयारी

बाबा, परवा मी विमानात बसणार आहे. नागपूरहून दिल्ली, तिथून अल्माटी, आणि मग अस्ताना. कझाकस्तान नावाच्या देशाची ती राजधानी. तुम्ही हे नाव ऐकलेलं असणं शक्य नाही. मीही तीन वर्षांपूर्वीपर्यंत ऐकलं नव्हतं. तिथं सध्या उणे बावीस, उणे पंचवीस असं तापमान चालू आहे. मी पाच दिवस राहणार, शहर बघणार आणि परत येणार. तिथं कोणाचं लग्न नाही, नातेवाईक नाही, काम नाही. आपल्या घरात प्रवास म्हणजे कोणाकडे बारसं, कोणाकडे मयत, आणि वर्षातून एकदा दसऱ्याला नागपूर. नुसतं बघायला जाणं तुम्हाला कसं वाटलं असतं कोण जाणे. तुमच्याशी मी नेहमी वऱ्हाडीतच बोलायचे, पण कागदावर हात शाळेतल्या मराठीत चालतो. तेवढं समजून घ्या.

खरं तर आम्ही दोघी जाणार होतो. सावंगीच्या रुग्णालयात मी रक्तपेढीत आणि ती डायलिसिसला सिस्टर, पंचवीस वर्षांची मैत्री. दोघी येत्या जूनमध्ये निवृत्त होणार, त्याआधी एकदा खरी थंडी बघायची असं ठरलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी ती डबा न उघडताच माझ्यासमोर बसली. तिच्या मुलीला डॉक्टरांनी सातव्या महिन्यात पलंगावरून उठायचं नाही असं सांगितलं होतं. "मले जमत नाई वो," ती म्हणाली. "तू बी कॅन्सल कर. दोघी मिळून पुढच्या साली जाऊ." मी तिचा हात धरला, मुलीची चौकशी केली, आणि त्याच दमात म्हणाले, "मी जाऊन राह्यली." "एकटी?" तिने विचारलं. मलाही आपण हे बोललो याचं आश्चर्य वाटलं, पण बोलल्यावर ते खरंच झालं.

घरी तुमच्या जावयांना दमा आहे, थंड हवा त्यांच्या छातीला अजिबात चालत नाही, त्यामुळे त्यांचा प्रश्न नव्हता. पुण्याहून मुलाचा फोन आला. "आई, मायनस पंचवीस म्हणजे काय असतं याची तुला कल्पना आहे का? वर्ध्यात बारा डिग्री झाली की तू दोन शाली घेतेस." रागावले की माझी भाषा बदलते हे त्याला माहीत आहे. मी म्हणाले, "मले कल्पना हाय का म्हणतो? रोज उणे चाळीसच्या फ्रीजरमधे हात घालून प्लाझ्माच्या पिशव्या काढते मी." तो म्हणाला, "हात घालणं वेगळं आणि आत राहणं वेगळं." बाबा, तो बरोबर बोलला. फोन ठेवल्यावर मला तुमची इतकी आठवण आली की मी गॅसवरचं दूध विसरले. हात घालणं वेगळं आणि आत राहणं वेगळं, हे आपल्या घरात एकाच माणसाला माहीत होतं.

मी दहा वर्षांची. मे महिना, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय आणि मी तुमचा डबा घेऊन बर्फाच्या कारखान्यात येतेय. स्टेशनच्या पलीकडचा तो कारखाना आता नाही, तिथं लग्नाचा लॉन आहे. मला मात्र आजही तो तसाच दिसतो. खाऱ्या पाण्याचा मोठा हौद, त्यावर लाकडी फळ्या, फळ्यांखाली पाण्याने भरलेले पत्र्याचे उभे डबे. डबा साखळीने वर यायचा, साध्या पाण्यात बुचकळला की सुटायचा, आणि बर्फाची लादी फरशीवर सरकत तुमच्या पायाशी यायची. तुम्ही दोन नंबर मोठे गमबूट घालायचात आणि त्यात वाळलेलं तणीस कोंबायचात. मला ते फार गबाळं वाटायचं. त्या दिवशी तुमची पाठ होती तेव्हा मी ओल्या हाताने हिमाने पांढरीशुभ्र झालेली, पाणी गोठवणाऱ्या अमोनियाची नळी धरली. तळहात चिकटला. मी ओढायला लागले तसे तुम्ही ओरडलात, "हालू नोको! ओढशील त कातडं जाईन!" तुमच्या शेजारी चहाचा ग्लास होता. तो सगळा चहा तुम्ही हळूहळू माझ्या हातावर ओतलात, आणि हात सुटला. तरी अंगठ्याखालची थोडी साल गेलीच.

मला वाटलं, आता मार बसणार. तुम्ही मला भुशाच्या ढिगावर बसवलंत, उजवा गमबूट काढलात आणि पाय माझ्यासमोर धरलात. करंगळीच्या जागी नुसती गाठ. ती मी रोजच बघत होते, पण ती कशी गेली हे कधी विचारलं नव्हतं. "उन्हाचा चटका बसला त माणूस बोंबलते," तुम्ही म्हणालात. "थंडी तशी नाई. पयले दुखते, मंग दुखणं बंद होते. माणसाले वाटते, चला, सवय झाली. तवाच काम बिघडते. माह्या बुटात खारं पाणी शिरलतं आन् मी दुखणं थांबाची वाट पाहून राह्यलो. दुखणं थांबलं का बाहीर निंघजो. समजलं?" मी मान हलवली. "मस्करी करू नोको थंडीशी," एवढं म्हणून तुम्ही बूट चढवलात आणि पुढची लादी ओढायला गेलात. तुम्ही मला रागावलात असा तो एकच दिवस मला आठवतो.

म्हणून यंदा कपडे घेतले तेव्हा मी ते घालून नुसती आरशासमोर उभी राहिले नाही. वर्ध्यातल्या दुकानदाराने माकडटोपी आणि बिनबाह्यांचा स्वेटर काढून दाखवला होता आणि "यापेक्षा गरम काहीच येत नाई मॅडम" अशी खात्री दिली होती. मग नागपूरला जाऊन आतले लोकरी कपडे, पिसांचं जाकीट, हातमोजे आणि बूट आणले. पण हे सगळं चालतं की नाही ते चोवीस डिग्रीत कसं कळणार? रक्तपेढीतल्या एका सहकाऱ्याचा भाऊ जाम गावाजवळच्या गोठवणगृहात देखरेखीला आहे. हायवेवरच्या त्या मोठ्या शेडमध्ये मटार आणि मका उणे वीसला ठेवतात. मी एका रविवारी एसटीने जामला गेले. पिशवीतून जाकीट आणि बूट काढून चढवायला लागले, तर तो मुलगा गोंधळून गेला.

"काकू, आत काऊन जाता तुमी? काई पाह्यजे त मी आणून देतो न."

"काई नाई पाह्यजे. अर्धा तास उभं राहाचं हाय. तू दारात थांबजो आन् दर पाच मिनिटानं मले आवाज देजो."

आत गेले आणि पहिला श्वास नाकातच अडकला. मटाराची पोती छतापर्यंत रचलेली, डोक्यावर पंख्यांचा आवाज, भिंतींवर बर्फाची पांढरी लव. छाती उबदार होती, हात बरे होते. पाचव्या मिनिटाला बोटं दुखायला लागली. दहाव्या मिनिटाला इतकी दुखली की मी पोत्याला धरून पाय आपटले. आणि बाराव्या मिनिटाला दुखणं थांबलं. क्षणभर मला खरंच बरं वाटलं. मनात आलं, झाली सवय, निघेल अर्धा तास. मग मी दचकले आणि जवळजवळ पळत बाहेर आले. त्या मुलाने बूट काढायला मदत केली. दोन्ही पायांची बोटं मेणासारखी पांढरी. "काकू, तुमी नोका जाऊ तिकडं," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती. मी बोटं हातात धरून बसले आणि ती परत लाल होताना इतकी ठणकली की डोळ्यांत पाणी आलं. पण मन हललं नाही. उलट चूक सापडली याचा आनंद झाला. बूट घट्ट होते, आणि लोकरीच्या मोज्यांच्या आत मी सुती मोजे घातले होते. एसटीच्या गर्दीत पायांना घाम आला होता, सुती मोज्यांनी तो धरून ठेवला होता.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून नागपूरला गेले. दुकानातली मुलगी म्हणाली, "हे तुम्हाला मोठे होतील, चालताना ढिले वाटतील." मी म्हणाले, "ढिलेच पाह्यजेत." दोन नंबर मोठे. पुढच्या रविवारी परत जाम. या वेळी मोजे तिथं पोचल्यावर बदलले, कोरडे, नुसते लोकरीचे. चाळीस मिनिटं उभी राहिले, बाबा. बोटं दुखली, पण शेवटपर्यंत दुखतच राहिली. बाहेर आले तेव्हा त्या मुलाने कुठून तरी चहा आणून ठेवला होता. "आता जा काकू," तो म्हणाला. पुण्याला माझ्या मुलाला मी तिथल्याच बाकावरून फोन केला. त्याने किती मिनिटं ते दोनदा विचारलं. मग म्हणाला, "बूट घातलेला फोटो पाठव."

मी कोर्ससाठी नागपूरला निघाले तेव्हा तुम्ही मला दोन जोड लोकरीचे मोजे दिले होते. आई हसली होती, नागपूरच्या उन्हात मोजे कशाला म्हणून. तुम्ही म्हणालात, "फरशीवर उभं राहाचं काम हाय तिचं." लॅबमधल्या दुसऱ्या कोणाच्याही बापाच्या ते डोक्यात आलं नव्हतं. आणि त्याच्याही आधीची एक संध्याकाळ. सहावीत मी तुम्हाला वाचून दाखवलं होतं की थंड देशात आख्खी नदी गोठते आणि माणसं तिच्यावरून चालतात. तुम्ही खो खो हसलात. "अमोनियाबिगर? मोटरबिगर?" मग हसणं थांबवून विचारलंत, "आन् मासे?" खाली पाणी असतं, मासे जिवंत राहतात, असं मी सांगितलं. "एवढा बर्फ कोणाच्या मेहनतीशिवाय," तुम्ही म्हणालात. "पाह्यलं पाह्यजे एकदा." अस्तानाच्या मधून अशी नदी वाहते. पण तुमची इच्छा राहिली म्हणून मी निघाले आहे, असं नाही. तसं लिहिलं तर चांगलं दिसेल, पण ते खरं नाही.

खरं कारण तुम्ही गेलात त्या दिवसाचं आहे. भाद्रपद होता, उकाडा असह्य, आणि दादा फौजेत, आसामात. त्याला पोचायला दोन दिवस लागणार होते. कोणी सांगायला गेलं होतं की नाही मला माहीत नाही, पण दुपारी कारखान्यातली चार माणसं हातगाडीवर लाद्या घेऊन दारात उभी राहिली. त्यांनी लाद्या लावल्या. शेजारचे एक काका मदत म्हणून एक लादी तुमच्या अंगाला लावायला गेले, तर तुमच्या जोडीला काम करणारे मामा पुढे झाले. "थेट नोका लावू," ते म्हणाले. "मधात पोतं टाका. त्यानंच शिकवलं हाय आमाले." आणि त्यांनी घडी घातलेलं कोरडं पोतं तुमच्या आणि बर्फाच्या मध्ये नीट पसरलं, कडा दाबल्या, जसं झोपलेल्या माणसाला पांघरूण घालतात. दोन दिवस मी त्या लाद्या वितळताना बघत बसले. तेव्हापासून माझ्या फ्रीजमध्ये बर्फाचा ट्रे नाही. उसाच्या रसातही मी बर्फ घालू देत नाही. पोरगा लहान असताना गोळा मागायचा तर घसा धरेल असं सांगायची. सत्तावीस वर्षं झाली. बर्फ म्हटलं की मला एवढी एकच खोली दिसते, आणि हे मला आता नको आहे. तुम्ही आयुष्यभर बर्फ हाताळलात, त्याच्यासोबत हसलात, जेवलात. माझ्याकडे त्यातले फक्त शेवटचे दोन दिवस उरावेत, हे मला मंजूर नाही. म्हणून मी अशा जागी जाणार आहे जिथं तो सगळीकडे असेल, पोरं त्यावरून घसरत असतील, म्हाताऱ्या पिशव्या घेऊन त्यावरून घरी जात असतील. मला त्यांच्यामधून चालायचं आहे.

आज रविवार. तुमचे जावई जेवून झोपले आहेत. सकाळी त्यांनी माझी बॅग तोलून बघितली आणि न विचारता आवळ्याचा मुरांबा आत ठेवला. मैत्रिणीने तिची जाड शाल पाठवली आहे, "माह्यी शाल तरी जाऊ दे," अशी चिठ्ठी लावून. तिच्या मुलीचं ठीक चाललं आहे. हा कागद मी सोबत नेणार नाही. कपाटात, माझ्या नोकरीच्या कागदांच्या खाली ठेवून देईन.

एक गोष्ट मात्र घरात कोणालाच सांगितलेली नाही. मुलाने रोज सकाळ-संध्याकाळ फोन करायचं कबूल करून घेतलं आहे, आणि नदीवर पोचलीस की व्हिडिओ कॉल कर, आम्ही सगळे बघतो, असं म्हणाला आहे. मी हो म्हणाले. पण तेवढा वेळ मला बर्फावर दुसरं कोणी नको, म्हणून त्या दिवशी मी मोबाइल हॉटेलच्या खोलीतच ठेवून जाणार आहे. थंडीत बॅटरी बसते म्हणतात, मीही तेच सांगेन. तो विश्वास ठेवेल. बाबा, बॅटरीला काही झालेलं नसेल.