डेलियाचा आढावा

४ जानेवारी, सकाळ
सासरेबुवा मार्चपासून कायमचे राहायला येणार. बाल्कनीला काचा लावून तिथे त्यांची कॉट टाकायची, असं बायकोने परस्पर ठरवलंय. दोन खोल्यांच्या घरात माझी म्हणावी अशी एकच जागा, बाल्कनीतली खुर्ची. ठासून सांगितलं, तिथे बाग होणार आहे. बायको म्हणाली, बाबा येईपर्यंत एक तरी फूल उमलू दे, कॉट हॉलमध्ये टाकू. शंभर दाखवीन.

५ जानेवारी
नर्सरीवाला म्हणाला, पहिलीच वेळ आहे तर सदाफुली, झेंडू, झिनिया लावा, कुणालाही जमतात. मी कुणीही नाही. ऑफिसात अख्खा सेक्शन माझ्या हाताखाली आहे. डेलियाचे कंद घेतले. झिनियाच्या बियांचं पाकीट त्याने गळ्यात मारलंच. ते कपड्यांच्या दोरीखालच्या फुटक्या बादलीत उरलेल्या मातीवर झटकून टाकलं. विषय संपला.

१२ जानेवारी
डेलिया म्हणजे ऑफिसची फाइल. पाठपुरावा केला नाही तर हलत नाही. रोज सकाळी कंद उकरून प्रगती बघतो, परत पुरतो. बायको म्हणाली, झोपू द्या की त्यांना. तिला काय कळतंय.

१९ जानेवारी
एकाला कोंब आला. जवळून बघायला उचलला तर मोडला. कोंबातच दम नव्हता.

२ फेब्रुवारी
कंद मऊ पडले, वास मारतात. माती भिकार. खालच्या काकू सांगून गेल्या, तुमचं पाणी आमच्या गाद्यांवर गळतं. उद्यापासून पाणी मोजून.

२० फेब्रुवारी, संध्याकाळ
सगळे कुजले. फार वाईट वाटलं. खुर्चीत बसून राहिलो. बायको टेप घेऊन आली, म्हणाली, उठा जरा. उठलो नाही, नुसते पाय वर घेतले. तिने खुर्चीखालून माप घेतलं.

१ मार्च
बायकोने वाळलेली चादर काढली आणि मागे फुटक्या बादलीत झिनिया. लाल, केशरी, गुलाबी. कपड्यांचं निथळतं पाणी त्यांना पुरलं म्हणे. माझे डोळे भरून आले. खरं तर झिनियाकडे मी मुद्दाम लक्ष दिलं नव्हतं, त्यांना तेच मानवतं. बायको शब्दाला जागली. कॉट हॉलमध्ये. जिंकलो.

३ मार्च
सासरेबुवा आले. बादलीपाशी तासभर बसले, माझ्या खुर्चीत. म्हणाले, जावईबापू, तुमच्या हाताला गुण आहे, एवढी फुलं सोडून हॉलमध्ये कोण झोपेल? कॉट बाल्कनीत गेली. बायको म्हणाली, मी तर शब्द पाळला होता.

१० मार्च
काचा बसल्या. खुर्ची त्यांना आवडलीय. हे स्वयंपाकघरात, उलट्या डब्यावर बसून लिहितोय. फुलांना पाणी घालायचं काम माझ्याकडे आहे. आत जाताना दार वाजवावं लागतं. सासरेबुवा म्हणाले, कामाचा आढावा ते रोज सकाळी घेतील.