शेजारच्या सीटवरची झोप

४ ऑगस्ट, रविवार
शाळेसमोरच्या चौकात वेगाचा कॅमेरा बसवलाय. गेल्या वर्षी तिथे एक मुलगी गाडीखाली गेली. वाईटच झालं. पण त्याची शिक्षा माझ्यासारख्या मुरलेल्या ड्रायव्हरला कशाला? आजवर गाडीला ओरखडा नाही. दर रविवारी मेहुणीकडे जाताना बायको शेजारी डोळे मिटून झोपते. याहून मोठं सर्टिफिकेट कोणतं?

७ ऑगस्ट, बुधवार
मोबाइलवर दंडाची नोटीस. चाळीसची मर्यादा आणि रविवारी मी म्हणे एकाहत्तरने गेलो. कॅमेऱ्याचं डोकं फिरलंय. तक्रार करणारच.

९ ऑगस्ट, दुपार
ट्रॅफिक ऑफिसात गेलो. तिथल्या बाईंनी फोटो स्क्रीनवर मोठा करून दाखवला. मी रुबाबात, शेजारी ही, डोळे मिटलेली. म्हटलं, गाडी एवढी पळत असती तर हिला झोप लागली असती का? बाईंनी फोटो आणखी मोठा करून हिच्याकडे पाहिलं. पटलं असणार! प्रिंट मागून घेतली. साक्षीदार म्हणून हिची सही घेतली की झालं.

संध्याकाळी
हिने चष्मा लावून फोटो पाहिला. बराच वेळ. म्हणाली, मी झोपले नव्हते. म्हटलं, बरं, पण एरवी तर झोपतेस? म्हणाली, तुमच्या गाडीत कधीच नाही. आणि कपड्यांच्या घड्या घालायला उठली.
हल्ली विसरते फार. सही राहिली.

१० ऑगस्ट
फोटो पुन्हा पाहिला. एक हात वरच्या हँडलला. दुसऱ्या हाताने पर्सचा पट्टा आवळलेला. काही लोक झोपेत मुठी आवळतात, असं ऐकलंय कुठेतरी.

११ ऑगस्ट, रविवार
गाडी धुऊन, हवा भरून तयार ठेवली. ही म्हणाली, मी बसने जाते, तुम्ही या मागून. चिडून म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं. म्हटलं, खुशाल जा. दोन थांब्यांत कंटाळेल.

१८ ऑगस्ट, रविवार
आजही बसच. मी गाडी काढली. बेत असा, की वाटेत गाठायचं आणि समजूत काढून गाडीत बसवायचं.
शाळेसमोर सिग्नलला बसशेजारी थांबलो. ही खिडकीतच होती. हॉर्नवर हात ठेवला आणि पाहिलं, तर झोपलेली. मान कलंडलेली, तोंड जरा उघडं, काचेला टेकलेला हात सैल. माझ्या शेजारी ही अशी कधी बसली नव्हती. फार वाईट वाटलं. हॉर्न वाजवला नाही.
कॅमेऱ्यासमोरून बसच्या मागोमाग तीसने गेलो. दाखवणार कुणाला? हळू गेल्याचा फोटो कुणी काढत नाही.