फ्लेक्सवरची बाई

रेणुके,

मी सरपंच झाले, पण शिक्का माझ्या दिराच्याच खिशात असतो. फ्लेक्सवर त्यानं माझा चेहरा पांढराफटक करून छापला. म्हणाला, "वहिनी, गावाचा चेहरा बराबर दिसाया पाहिजे."

चौकात एका म्हातारीनं मलाच विचारलं, "ही कोण बाई हाय गं?" मी म्हणाले, "न्हाई माहीत."

मंग तू आठवलीस. स्थळासाठी तुझा फोटो गोरा करून आणल्ता तो मीच. तुला बघून पाहुणे चहा न घेताच उठले. मी आईचं नाव पुढं केलं, अन् तू तिच्याशी बोलणं सोडलंस ते आजपर्यंत.

काल भर ग्रामसभेत मी दिराकडं शिक्का मागितला. तेवढी हिंमत झाली. हे पत्र टपालात टाकायची अजून न्हाई.

तुझी सावळी बहीण,
साखरा