आईंच्या मापाचा सूट

वागु गाव, १९ मार्च १९६९

हिसाए वन्सं यांस,
नुईचा नमस्कार.

तुमचं पत्र सोमवारी मिळालं. तुमचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. इकडे सगळे ठीक आहेत. तुमचे भाऊ कान्जी मोठ्या बोटीवर गेलेत, महिनाअखेरीस येतील. वाकामेचं शेवाळ यंदा चांगलं आलंय, अंगणात वाळत घातलंय. थोडं पाठवते.

तुम्ही विचारलंत, तुम्ही शिवून घेतलेला रबरी सूट आईंच्या अंगाला नीट बसला का, यंदा त्यांना थंडी वाजते का. आई म्हणाल्या, "बसला म्हणून लिही." तसं लिहून एक पत्र तयारही केलं होतं. ते फाडलं.

वन्सं, आई गेल्या बुधवारी पाण्यात बेशुद्ध झाल्या. आधीच सांगते, आता त्या घरी आहेत, जेवतात, मला रागावतात. डाव्या कानाने मात्र ऐकू येत नाही, आणि डॉक्टरांनी यंदाचा हंगाम पाण्यात उतरायला बंदी केलीय.

त्या दिवशी उत्तरेचा वारा होता. आम्ही सहाजणी अवाबीचे शिंपले काढायला बाहेरच्या खडकावर गेलो होतो. मी दमले म्हणून शिशाचा पट्टा सोडून होडीत टाकला आणि होडीला धरून तरंगत होते. आईंची लाकडी बादली जवळच तरंगत होती. त्या खाली गेल्या. वर आल्यावर त्या श्वास सोडताना शीळ घालतात ना, तिची वाट बघत होते. शीळ आली नाही.

मी बुडी मारली. अंगातल्या रबराने मला वर फेकलं. पुन्हा मारली, पुन्हा तेच. खाली आईंचे पांढरे कपडे दिसत होते, वन्सं. होडीवरून गेन्पाची काका ओरडत होते, "शिसं बांध, पोरी! शिशाशिवाय जाशील कशी खाली?" त्यांनी पट्टा दिला, पण बोटं इतकी बधिर झाली होती की कडी लागेना. तेवढ्यात आमच्यातल्या योने आजी माझ्या बाजूने खाली गेल्या. सदुसष्ट वर्षांच्या, अंगात जुने सुती कपडे. आईंच्या कमरेच्या पट्ट्याला धरून त्यांनीच त्यांना वर आणलं. मी फक्त होडीत ओढायला हात लावला.

आता तुम्ही विचाराल, आई सुती कपड्यांत का होत्या, आणि सूट माझ्या अंगात कसा.

सूट आला तेव्हा तो आईंना होईना. मांडीवरच अडकला. तुम्हाला कळवलं नाही. गावात सगळे म्हणाले, शिवणाऱ्याने घोळ केला. मच्छीमार संस्थेचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे, एका घराला एकच सूट. आई म्हणाल्या, "मग तूच घाल." मी घातला.

शिवणाऱ्याने घोळ केला नव्हता. तुम्ही मापं मागवलीत, तेव्हा फीत आईंच्या अंगाला लावली मी, पण कागदावर आकडे लिहिले ते माझे.

थंडी सोसवत नव्हती असं लिहिणार होते. तेही खरं आहे. पण आठ वर्षं मी आईंच्या मागून अर्धं भरलेलं जाळं घेऊन किनाऱ्यावर येतेय, आणि बायका विचारतात, "काय गं, सासूने ठेवलं नाही वाटतं काही तुझ्यासाठी?" एकदा तरी माझं जाळं त्यांच्यापेक्षा जड व्हावं असं वाटायचं. त्या सूटात मी दुप्पट वेळ पाण्यात राहायचे. जाळं जड झालंही. आणि माझ्याबरोबर राहायचं म्हणून आई गारठल्या तरी शेकोटीकडे यायच्या नाहीत.

परवा त्यांचे पाय चेपत होते. कबूल करायला तोंड उघडलं, तर त्याच म्हणाल्या, "मला ठाऊक आहे."

"काय?"

"अक्षरं मला येत नाहीत. आकडे येतात. रोज काट्यावर अवाबी तोलून घेते मी. माझी कंबर एवढीशी कधी होती गं?"

मी विचारलं, मग तेव्हाच का बोलला नाहीत.

"तुझे ओठ निळे पडलेले मला दिसत नव्हते का? वाटलं, घालू दे." मग पाय ओढून घेत म्हणाल्या, "मागितला असतास तर दिला असता. तू मागितला नाहीस, एवढंच डाचतं."

तुम्हाला कळवायचं नाही अशी त्यांची ताकीद होती. म्हणाल्या, "हिसाएला कळलं तर ती या घराचं पाणी पिणार नाही."

काल सूट संस्थेत नेऊन जमा केला. घराचा सूटाचा हक्क आईंच्या नावावर लावून घेतला. प्रमुख म्हणाले, "म्हातारी उतरणार नाही आणि तू सुती कपड्यांत मरणार. कुणाचा फायदा?" पण आई पुढच्या वर्षी उतरणारच, तुमच्या-माझ्या सांगण्याने थांबणार नाहीत. तेव्हा शक्य झालं तर तुम्ही या. नव्या सूटाची मापं तुम्ही स्वतः घ्या.

आत्ता आई दारात येऊन विचारून गेल्या, कुणाला लिहितेस. तुमचं नाव सांगितलं.

"सगळं लिहिलंस?"

"सगळं."

"मग टपालपेटीत टाक. मी काही बघितलं नाही."

खाली 'तुमची भावजय' लिहायला हात धजत नाही. तुम्ही आलात आणि तशी हाक मारलीत तर ओ देईन. नाही मारलीत तरी स्टेशनवर सामान घ्यायला मी उभी असेन.

नुई