तुझ्या वाटणीचा डेटा

प्रिय अबोली,

पुनमचंदच्या आडत दुकानातला काळा फोन तू पाहिलेला नाहीस, तुझ्या जन्माआधीच तो गेला. पण त्याची घंटा माझ्या कानात अजून आहे. पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा खडखडून वाजायचा. कळमनुरीत आपल्या अख्ख्या गल्लीत फोन तेवढा एकच. तो वाजला की ओट्यावरच्या बायका बोलायच्या थांबायच्या, आणि पुनमचंदचा दिवाणजी पायरीवर येऊन कुणाचं नाव घेतो तिकडे सगळ्यांचे कान लागायचे. नाव कळलं की बाकीचे सुटल्यासारखा श्वास सोडत. ज्याचं नाव, तो धोतराचा सोगा धरून पळत जाई आणि साऱ्या गल्लीदेखत ओरडून बोले. कुणाचं काही झाकून राहत नसे. आज सकाळपासून ती घंटा मला पुन्हा ऐकू येऊन राहिली, आणि वाटतंय, या खेपेला नाव आपल्या घरचं आहे.

मी पत्र लिहायला बसलो याचं तुला नवल वाटेल. रोज फोनवर ‘आबा, जेवलात का?’ विचारणारी तू. पण हे फोनवर सांगण्यासारखं नाही. का नाही, ते येईलच पुढे. मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक! लहानपणी कविता शिकवताना मी पहिल्या कडव्यातल्या ओढ्याकाठीच तासभर रेंगाळायचो आणि तू म्हणायचीस, ‘आबा, ती पोरगी पुढं गेली का न्हाई पाणी घेऊन?’

घरची खबर अशी. हळद काढायला आली आहे. थंडी ओसरली, पण माझी गुडघेदुखी ओसरायचं नाव घेत नाही. तू गेल्या उन्हाळ्यात तांड्यावरच्या दिपकशी रजिस्टर लग्न करून सोलापूरला गेलीस, त्यानंतर या घरात तुझं नाव घ्यायचं बंद झालं. तुझ्या आईनं भिंतीवरचा तुझा फोटो काढला आणि त्या जागी कॅलेंडर लावलं. एकदाही ती तुझ्याबद्दल बोलली नाही. मला वाटलं, कालिंदीचा दगड झाला. पुष्कर त्या दिवशी उंबऱ्यात उभा राहून जे बोलला ते मी तुला कधी कळवलं नव्हतं. ‘जिथं सापडंल तिथं,’ एवढं तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य तुझ्या आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवून अडवलं. अडवलेलं वाक्य घरातच राहतं, लेकरा. आमच्या ताटाशी ते रोज बसतं.

आता फोनच्या प्लॅनचं. तुझे बाबा होते तेव्हा त्यांनीच तो घेतला. बिल एकच, घरातले सगळे नंबर त्यात, आणि एका माठातलं पाणी सगळ्यांनी प्यावं तसा सगळ्यांचा मिळून डेटा. ते गेल्यावर दुकान आणि प्लॅन, दोन्ही पुष्करच्या नावावर झालं. कुणी किती वापरायचा ते तोच ठरवतो. तुझी आई दुपारी रांगोळीचे व्हिडिओ बघते त्यावरून टोमणे मारतो. ‘आई, एवढ्या रांगोळ्या बघून अंगणात तर चारच ठिपके काढतीस!’ मी जुन्या शाळेतल्या कविता ऐकतो. कुठल्या कुठल्या गावची पोरं त्या चालीत म्हणून टाकतात, आमचे गुरुजी छडीनं टेबलावर ठेका धरायचे अगदी त्याच चालीत. माझी तेवढीच चैन.

तर महिन्यापूर्वी माझ्या कविता मधेच थांबायला लागल्या. दुसरं कडवं सुरू व्हावं आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहावं. मी पुष्करला विचारलं. तो म्हणाला, ‘तुमचा अन् आईचा वाटा कमी केलाय, आबा. म्हातारपणी काय करायचा एवढा डेटा?’ मग राहिलेला कुठं गेला, असं विचारलं तर दुकानाच्या किल्ल्या उचलून निघाला. दोनच दिवसांनी तुझा निरोप आला: ‘आबा, दादानं माझा डेटा वाढवला. त्याचा राग गेला का हो?’ मला इतका आनंद झाला की मी गुडघे विसरून जिन्यावरून खाली आलो. मी तुला लिहिलं, गेला असणार, भाऊ आहे तो.

आणि का लिहू नये? तू बालवाडीत होतीस तेव्हा तो तुला घेऊन शाळेत जायचा. मी मागून बघायचो. उन्हाच्या बाजूनं स्वतः चालायचा, का तर त्याची सावली तुझ्यावर पडावी. वळण आलं की पळत दुसऱ्या बाजूला जायचा. तो पोरगा कुठं हरवला ते मला सांगता येत नाही. पण होता, हे मी पाहिलेलं आहे.

मागच्या आठवड्यात जेवताना बिलाचा विषय निघाला. फोनवाल्यांनी प्लॅन महाग केला म्हणून पुष्कर चिडलेला. मी म्हातारा माणूस, हिशेबात कच्चा, पण शेजारच्यांना विचारून ठेवलं होतं. म्हटलं, आता आपण राहिलो तिघं. मला आणि कालिंदीला साधा रिचार्ज पुरतो. अबोलीचा नंबर वेगळा करून दिला तर तिचा ती भरेल, नवरा कमावता आहे. सगळे वेगळे झालो तर महिन्याला बरेच वाचतात. तू जाणतेस पुष्करला. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवणारा माणूस तो. मला वाटलं, खूश होईल. त्यानं घास ताटात ठेवला आणि म्हणाला, ‘तिचा नंबर हालवायचा न्हाई. किती का पडेना बिल.’ मी म्हटलं, काहून रे? तर म्हणाला, ‘आबा, तुमी कविता म्हणा.’

कालिंदी पोळी लाटत होती. तिचं लाटणं क्षणभर थांबलं. मी तिकडं लक्ष दिलं नाही. मी आपला मनातल्या मनात हरखलेला. पैशाला पैसा जोडणारा भाऊ बहिणीपायी बिल सोसतो म्हणजे आतून विरघळलाच की! पण त्या रात्रीपासून मला झोप लागेना. आनंद झालेल्या माणसाला झोप का लागू नये, ते कळेना.

ते काल कळलं. काल पुष्कर दुकान लवकर बंद करून आला, सोबत त्याचे दोन मित्र. अंगणात बाजेवर बसले. मी ओट्यावर, पोत्याला टेकून. म्हातारा माणूस पोत्याशेजारी बसला की पोरांना तोही पोतंच वाटतो. ती बोलत राहिली. पुष्करच्या हातातल्या फोनवर नकाशा होता, आणि नकाशावरच्या एका बारक्या गोलात तुझा चेहरा. पिवळ्या ओढणीतला, दसऱ्याचा. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तो गोल हलत होता. एक मित्र म्हणाला, ‘निघाली बघ. रोज याच टायमाला निघते, पाण्याच्या टाकीपाशी वळते, भाजी घेऊन परत.’ दुसरा हसला, ‘टायमाची पक्की हाय तुझी बहीण.’

तू नांदेडला होस्टेलवर राहिलीस तेव्हा पुष्करनंच तुझ्या फोनमध्ये ते जागा दाखवणारं ॲप बसवून दिलं होतं, आठवतं? लेकरू नीट पोचलं का ते घरी दिसावं म्हणून. आपण सगळ्यांनीच कौतुक केलं होतं. ते तसंच चालू राहिलं, अबोली. आणि काल पुष्कर त्यांना समजावून सांगत होता, दुकानात गिऱ्हाईकाला पंपाची मोटर समजावून सांगतो तितक्याच शांतपणे: ‘महिना सरत आला की हिचा डेटा संपायचा अन् ठिपका मरायचा. दोन-दोन दिवस पत्ता लागायचा न्हाई. म्हणून भरून राहिलो. आता बराबर दिसतं.’

तर हा हिशेब होता. माझ्या कविता, तुझ्या आईच्या रांगोळ्या, सगळ्यांतून काढून त्यानं तुझ्या ठिपक्याला तेल घातलं.

गाडी गुरुवारी पहाटेची ठरली आहे. गाडीत कोण कोण बसणार आणि सोबत काय काय घ्यायचं, तेही बोलून झालं. ते मी लिहीत नाही. मी आत आलो आणि देवघराच्या भिंतीला धरून उभा राहिलो. आयुष्यभर मी तुला पाखरांच्या कविता शिकवल्या. त्या सगळ्या कवितांतली पाखरं संध्याकाळी घरट्याकडेच येतात. त्या कवींना अशी घरं माहीत नसावीत.

आज मंगळवार. पुष्कर वारंगा फाट्यावर दुकानात आहे. मी तुला फोन करायला घेतला आणि थांबलो. दादाचा राग गेला असं मीच तुला लिहिलेलं, तू आधी त्यालाच फोन लावून विचारशील; आणि घाबरून तू फोन बंद केलास, ठिपका विझला, तर तो गुरुवारची वाट बघणार नाही, आजच निघेल. म्हणून हे पत्र. लिहिता लिहिता लक्षात आलं की टपालाला चार दिवस तरी लागतील, आणि तुझा पत्ताही माझ्याकडे नाही. सोलापूर आणि पाण्याची टाकी, एवढ्यावर कोणता पोस्टमन पत्र पोचवील? तरी लिहीत राहिलो. हात थांबला तर काय करावं ते सुचत नव्हतं.

इथवर आलो आणि दारात कुणीतरी उभं राहिलं. मी पत्रावर हात ठेवला. कालिंदी होती. पायात चपला, हातात पिशवी, तिच्यात फडक्यात बांधलेल्या भाकरी. म्हणाली, ‘झालं का लिहून? द्या इकडं. मी चालले.’ काल अंगणातलं तिनंही ऐकलं होतं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून. पत्ता तिच्याकडे आहे. दिपकची आई जिवनबाई तिला दर आठवडी बाजारात भेटते म्हणे, कांद्याच्या ढिगापाशी, तू गेलीस त्याच्या पुढच्याच बाजारापासून! आणि मी हिला दगड समजत होतो. नांदेडकडची गाडी फाट्यावर थांबते आणि समोरच पुष्करचं दुकान, म्हणून ती उलट्या दिशेनं हिंगोलीवरून येणार आहे. एकटीनं असा प्रवास तिनं जन्मात केलेला नाही. मी म्हटलं, अगं, तुझ्याही फोनात त्यानं तेच ॲप बसवलंय, तूही दिसशील. तर म्हणाली, ‘फोन देवघरात चार्जिंगला लावलाय, आबा. डेटा चालू हाय. त्याच्या नकाशावर मी घरीच हाय. दुपारी रांगोळीचे व्हिडिओ तेवढे लावा, न्हाईतर शंका यायची.’ तर आता मी रांगोळ्या बघत बसणार. रात्री पुष्कर जेवायला येईल, ताट कोण वाढतं ते पाहील, तेव्हा काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही. माझं मी बघीन. तू एवढंच कर. फोन बंद करू नकोस. चार्जिंगला लाव, खोलीत ठेव, बाहेरून कुलूप घाल, आणि दिपकला घेऊन आईबरोबर निघ. कुठं ते जिवनबाईनं हिला सांगितलंय. मला कळवू नका. मला विचारलं जाणार आहे, आणि मला खोटं नीट बोलता येत नाही. आणि हे एवढं लांबलचक वाचेपर्यंत तिला उंबऱ्याबाहेर उभी ठेवली असशील तर आधी आत घे. रात्रभर बसून आली आहे ती.

तुझाच, आणि आजच्यापुरता तुझ्या आईच्या फोनचा राखणदार,
आबा