केसपेपरावरचे 'नाही' खोडण्याबाबत

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
नोंदी विभाग, सार्वजनिक रुग्णालय.

विषय: माझ्या यजमानांच्या केसपेपरावरील 'गोचीड चावल्याचे नातेवाइकांनी नाकारले' ही नोंद दुरुस्त करणेबाबत (अर्ज तिसरा).
संदर्भ: आपले दि. २ मार्चचे नकाराचे पत्र.

महोदय,

१. माझे यजमान लाकूड डेपोत ओंडके मोजत. तापाने अंथरूण धरण्याच्या आठ दिवस आधी त्यांच्या गुडघ्यामागे गोचीड चिकटलेली मला दिसली. मी चिमटा आणायला उठले तर म्हणाले, "जेवू दे गं, तिलाही पोट आहे." मी ती अलगद काढली आणि कुंपणापलीकडे सोडून दिली. जीव मारायचा नाही, हा माझा नेम आहे.

२. उठल्यापासून अकरा वाजता जप संपेपर्यंत मी मौन पाळते. त्यात खुणाही करत नाही. एकवीस वर्षांत कधी चुकले नव्हते. यजमानांना दवाखान्यात दाखल केल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी नऊला, डॉक्टरसाहेबांनी त्यांच्या तळव्यांवरचे पुरळ पाहिले आणि मला विचारले, "अंगावर गोचीड वगैरे सापडली होती का?" यजमान शुद्धीत नव्हते. मी मान खाली घालून बसले. दोनच तास, मग सांगू, असे मनात म्हटले. नेम मोडला तर तो यांनाच बाधेल, अशी भीती वाटली. साहेबांनी पुन्हा विचारले, थोडे थांबले, कागदावर काही लिहिले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

३. अकराला मी धावत गेले. साहेब दुसऱ्या इमारतीत गेले होते. सिस्टर कागद पाहून म्हणाल्या, "काकू, तुम्हीच तर नाही म्हणालात. आता उद्या राऊंडला सांगा." संध्याकाळी पाचला यजमान गेले. गोचिडीमुळे येणाऱ्या या तापावर साध्या गोळ्या असतात, आणि त्या त्याच वॉर्डाच्या कपाटात होत्या, हे मागाहून कळले.

४. आपल्या पत्रानुसार उत्तर न देणे म्हणजे नकारच धरला जातो, आणि दुरुस्तीसाठी रुग्णाची सही किंवा संबंधित गोचीड सादर करावी लागते. रुग्ण आता सही करू शकत नाहीत. गोचीड मी कुंपणापलीकडे दोन दिवस शोधली. पुष्कळ सापडल्या. त्यांतली आमची कोणती, हे मला शपथेवर सांगता येणार नाही; खोटे न बोलण्याचाही माझा नेम आहे.

५. एवढा हट्ट माझ्यासाठी नाही. धाकटे दीर येत्या सोमवारपासून यजमानांच्याच जागी कामाला लागत आहेत. डेपोचे मुकादम म्हणतात, "वहिनी, कागदावर गोचीडच नाही, तर मी पाटी कशाची लावू आणि अंगाला लावायचं औषध कुणाकडे मागू?"

तरी 'नाकारले' हा शब्द खोडून 'पत्नीस माहीत होते, तिने सांगितले नाही' असे कृपया लिहावे. दोष माझ्या नावावर राहू द्या, मला तो चालेल. हेही नियमात बसत नसेल, तर सोबतची पाटी आपल्या शिक्क्यानिशी सोमवारपूर्वी डेपोच्या फाटकावर लावू द्यावी, ही हात जोडून विनंती.

आपल्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
नम्र अर्जदार
(मयत मोजणीदारांची पत्नी)
दि. १२ मार्च

सोबत:
१) केसपेपराची प्रत.
२) आपल्या पत्राची प्रत.
३) पुठ्ठ्यावर माझ्या हाताने लिहिलेली पाटी. मजकूर: "अंगावर गोचीड सापडली आणि मागून ताप आला, तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. आधी सांगा."